क्लंबर पार्क: वाडा पाडला, पागा राहिली

इंग्लंडला पोराकडं-पोरीकडं जाणारे आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लोक आता भरपूर झालेत, आणि गेलं की सगळे लंडन बघतात, बकिंगहॅम पॅलेससमोर फोटो काढतात, फार तर स्कॉटलंडचे डोंगर बघून परत येतात. माझं म्हणणं असं आहे की तुमचं कुणी शेफील्ड, नॉटिंगहॅम, डॉनकास्टर ह्या भागात राहत असेल तर एक अख्खा दिवस क्लंबर पार्क ह्या जुन्या सरदारी इस्टेटीला द्या. कुणीतरी तुम्हाला सांगणार की तिथं पॅलेसच नाही, काय बघणार, आमच्या सुनेच्या ऑफिसातल्या एका बाईनं पण तेच सांगितलेलं. नाही हे खरं आहे, १९३८ साली तो पाडला. पण त्याच्या आजूबाजूच्या ज्या इमारती होत्या, म्हणजे घोड्यांची पागा, भिंतीच्या आतली भाजीपाल्याची बाग, लांबलचक काचघर, घरचं म्हणून बांधलेलं पण अख्ख्या गावाला पुरेल असलं चर्च, ते सगळं जागच्या जागी उभं आहे आणि रोजच्या वापरात आहे. मला विचाराल तर पॅलेस उभा असता तर लोक त्याच्यातली झुंबरं आणि सोनेरी खुर्च्या बघून निघून गेले असते, पागेकडं कुणी वळून पण बघितलं नसतं. आता तुम्हाला पागाच बघावी लागते आणि तीच बघण्यासारखी आहे.

मी कुठल्या नजरेनं बघितलं ते आधी सांगतो. आमचा खानापूरला विटा-कौलांचा धंदा, वडिलांपासूनचा, मलप्रभेच्या काठच्या मातीवर आमची दोन घरं चालली, पोरांची शिक्षणं झाली. त्यामुळं कुठंही गेलो तरी माझा हात आधी भिंतीला लागतो, वीट कशी भाजलीय, दर्जा म्हणजे विटांमधल्या फटी कशानं भरल्यात हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. पोरगा बेळगावात इंजिनिअरिंग करून आता शेफील्डला नोकरीला आहे, त्याच्याकडं आम्ही दोघं मे महिन्यात गेलो होतो. त्यालाच म्हटलं, मला म्युझियम नको, जुनी बांधकामं दाखव. तर त्यानं हे शोधून काढलं.

जायचं कसं ते सांगून टाकतो. क्लंबर नॉटिंगहॅमशायरमध्ये वर्कसॉप गावाजवळ आहे, शेफील्डहून गाडीनं साधारण पाऊण तास. गाडी नसली तर शेफील्डहून वर्कसॉपला ट्रेन आहे, पुढं टॅक्सी करावी लागते, आणि टॅक्सी केलात तर परतीची वेळ आधीच पक्की करून घ्या, नुसतं "फोन करा, येतो" ह्याच्यावर राहू नका. जागा नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या तिकडच्या संस्थेच्या ताब्यात आहे, ३,८०० एकर, त्यात जंगल, माळ, तळं, शेती सगळं आलं. चालत किंवा सायकलवर आत येणाऱ्याला पैसे नाहीत, गाडीच्या पार्किंगला आहेत, मेंबर असला तर तेही नाहीत. पोरांनी तिकडं मेंबरशिप घेतलेली असते बऱ्याच वेळा, विचारून बघा. बागेची आणि चर्चची उघडायची वेळ ऋतूप्रमाणं बदलते म्हणून निघायच्या आधी वेबसाइट बघून निघा, कारण ती दोन्ही बंद असताना गेलात तर अर्धं बघायचं राहून जातं.

आता पॅलेस जिथं होता ती जागा. तळ्याच्या काठाला मोठी हिरवळ आहे आणि त्या हिरवळीवर पाडलेल्या घराचा नकाशा जमिनीवरच आखून ठेवलाय, कुठं भिंत होती ते पायाखाली कळतं. लोक तिथं चादरी टाकून बसलेले असतात, पोरं बॉल खेळत असतात. आमची ही त्या रेषांवरनं चालत चालत एकेका खोलीत जाऊन उभी राहिली आणि मला हाक मारून म्हणते, "अवो, हिकडं या, हे माजघर असणार बगा, तळं हिथनंच दिसतंय." खरंच तिथनं तळं समोर दिसत होतं. एवढ्या मोठ्या घरातल्या बाईमाणसांनी सकाळी उठून पहिलं काय बघितलं असेल ते त्या मोकळ्या हिरवळीवर उभं राहून समजलं, हे मला तरी फार मोलाचं वाटलं. आपल्या कित्तूरच्या किल्ल्यात राणी चन्नम्माच्या राजवाड्याच्या जोत्यावरनं फिरताना असंच होतं, खोल्या डोळ्यापुढं उभ्या राहतात. फक्त कित्तूरवर १८२४ साली इंग्रजांचं सैन्य चालून आलं होतं, तिथं लढाई झाली. क्लंबरचं घर पाडायला कोण चालून आलं नाही, ते मालकांनीच पाडलं.

का पाडलं ह्याची गोष्ट मोठी आहे. हे न्यूकॅसलच्या ड्यूकचं, म्हणजे तिकडच्या बड्या सरदाराचं घर. शेरवुडच्या जंगलाचा हा भाग त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुंपण घालून शिकारीसाठी घेतला आणि १७६० च्या नंतर स्टीफन राइट नावाच्या आर्किटेक्टनं तिथं मोठं घर बांधलं. १८७९ ला त्याला मोठी आग लागली, बराच भाग जळाला, मग धाकट्या चार्ल्स बॅरीकडनं परत बांधून घेतलं, ह्याच्या वडिलांनी लंडनची पार्लमेंटची इमारत बांधलेली. म्हणजे पैसा ओतला भरपूर. पण एवढं घर चालवायचं म्हणजे नोकर, कोळसा, घोडे, दुरुस्ती, आणि १८९४ पासून सरकारनं डेथ ड्यूटी लावली, म्हणजे मालक मेला की वारसानं इस्टेटीच्या किमतीवर कर भरायचा, आणि तो टक्का पुढं वाढतच गेला. शेतीचं उत्पन्न पडलेलं, पहिल्या महायुद्धानंतर कामाला माणसं मिळेनात. १९३७ ला घरातल्या वस्तू आणि लायब्ररी लिलावात गेली, आणि दुसऱ्या वर्षी घर पाडलं. त्याच जागी लहान घर बांधायचा विचार होता म्हणतात, पण १९३९ ला युद्ध सुरू झालं, ते राहिलंच.

ह्या घराण्यातला आठवा ड्यूक म्हणजे लॉर्ड फ्रान्सिस होप. होप डायमंड ऐकलाय ना, तो निळा हिरा, आपल्याकडच्या गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात तो. तो ह्याच माणसाकडं वारसानं आलेला आणि ह्यानं दिवाळं निघाल्यावर १९०१ साली तो विकून टाकला, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. कृष्णेच्या काठच्या खाणीतला हिरा फिरत फिरत ह्या घराण्याच्या कर्जापायी विकला गेला, हे पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा आम्ही पागेच्या चौकात बाकावर बसलो होतो आणि थोडा वेळ कुणीच काय बोललं नाही.

अजून एक. ह्याच घराण्याच्या चौथ्या ड्यूकनं १८३८ ला शेजारची वर्कसॉप मॅनर ही दुसऱ्या एका ड्यूकची इस्टेट विकत घेतली आणि तिथला मोठा वाडा पाडून टाकला, त्याला जमीन पाहिजे होती, घर नको होतं. शंभर वर्षांत त्यांच्या स्वतःच्या घराचं तेच झालं. विसाव्या शतकात इंग्लंडात अशी हजाराच्या वर मोठी घरं पडली, त्यातली बरीच दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि लोकांचं लक्ष त्याच्याकडं नीट गेलं ते १९७४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं पाडलेल्या घरांवर मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा.

मग पागा कशी राहिली? तर उपयोगाची होती म्हणून राहिली, दुसरं कारण मला तरी दिसत नाही. दिवाणखाना रिकामा झाला की त्याचं काय करणार, पण पागेत गाड्या लावता येतात, ऑफिस करता येतं, सामान ठेवता येतं. युद्धाच्या काळात हा सगळा पार्क लष्करानं घेतला, झाडांच्या खाली दारूगोळ्याचे साठे ठेवले. चर्चिलच्या डोक्यातनं निघालेलं खंदक खणायचं एक प्रचंड मशीन होतं, ७७ फूट लांब आणि १३० टन वजनाचं, त्याची चाचणी १९४१ ला ह्याच पार्कात झाली. मी जेसीबीवर माती काढणारा माणूस, मला हे वाचून त्या मशीनचा फोटो कितीतरी वेळ बघत बसावं वाटलं. १९४६ मध्ये लोकांनी वर्गणी काढली आणि जागा नॅशनल ट्रस्टकडं आली. तेव्हापासून पागा कामाला लागली ती अजून आहे.

पागा लाल विटांची आहे, मधे चौक, वर घड्याळाचा लहान मनोरा. चौक एवढा ऐसपैस का तर बग्गी आत आली की घोडे न सोडता वळवता आली पाहिजे. आता तिथं कॅफे, दुकान, माहितीची जागा असं सगळं आहे, कुत्री घेऊन आलेले लोक, सायकलवाले, बाबागाड्या, सगळ्यांची गर्दी. मी कडेच्या एका भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो. विटा एका रंगाच्या नाहीत, हे पहिलं. काही तांबूस, काही पार काळसर निळ्या, जास्त भाजलेल्या, आपण ज्याला खंगर म्हणून बाजूला टाकतो त्याच्या जवळ गेलेल्या, पण गवंड्यानं त्या टाकल्या नाहीत, भिंतीत अशा बसवल्यात की नजरेला खुपत नाहीत, उलट भिंत जिवंत वाटते. एका विटेची कड साच्यातनं काढताना जराशी दबलेली, ज्यानं थापली त्याच्या बोटाचा दाब तसाच भाजून राहिलाय. आणि दर्जा चुन्याच्या. जिथं दुरुस्ती केलीय तिथं पण चुनाच वापरलाय, सिमेंट थापलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडं जुन्या विटेच्या भिंतीला ओल आली की पहिलं काम सिमेंटचा गिलावा, आणि मग ओल आत कोंडून वीटच फुगून सुटायला लागते. चुन्यातनं पाणी बाहेर जातं. वडील हे सांगत असायचे, तिथं दीडशे-दोनशे वर्षांच्या भिंतीवर ते बघायला मिळालं.

पॅलेसचा एक तुकडा पण राहिलाय, ड्यूकची स्टडी, म्हणजे लिहा-वाचायची खोली म्हणतात, बॅरीनं आगीनंतर केलेल्या कामातला. तो बघितला की बाकीचं घर किती मोठं असेल ह्याचा अंदाज येतो. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, कारण मला बागेबद्दल लिहायचं आहे.

बाग म्हणजे वॉल्ड किचन गार्डन. पागेपासनं थोडं चालावं लागतं, देवदाराच्या झाडांची वाट आहे, चालायला छान वाटतं पण गुडघ्याचा त्रास असला तर मधे बसत बसत जा. चार एकरांच्या आसपासचं आवार, चारी बाजूला उंच विटेची भिंत, आणि एका बाजूला ४५० फूट लांब काचघर. ४५० फूट म्हणजे ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. हे सगळं एका घराच्या ताटासाठी! थंड देशात द्राक्षं, अंजीर, पीच पाहिजेत, आणि पाहुणे आले की मोसम नसताना पण पाहिजेत, म्हणून हा खटाटोप. अशा बागांत काचघराला कोळशाच्या बॉयलरनं गरम पाण्याचे पाइप फिरवायचे आणि रात्री कोण तरी पोरगं उठून त्या बॉयलरला कोळसा घालायचं, नाही घातला तर एका रात्रीत वर्षाचं पीक गेलं. तरणी माळी पोरं त्यासाठी बागेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतच राहायची. ड्यूकच्या झुंबरांपेक्षा मला त्या रात्रपाळीच्या पोरांचा विचार जास्त आला, आमच्या भट्टीवर पण जाळ लावल्यावर रात्रीचं कोण तरी जागं राहावंच लागतं.

आणि ती भिंत. वीट का, दगड का नाही, हा प्रश्न मी तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवक बाईंना पोराकरवी विचारला. त्या फार खूश झाल्या, म्हणाल्या असं विचारणारे लोक कमी येतात. मग त्यांनी मला दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीजवळ नेलं आणि हात लावायला सांगितलं. तेव्हा दुपार कलून गेली होती, हवा गार, मी स्वेटर घालून होतो, आणि भिंत कोमट. वीट दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर हळूहळू सोडते, त्या उबेवर झाडाचा मोहर थंडीनं करपत नाही. म्हणून फळझाड भिंतीला चिकटवून वाढवतात, तारा ओढलेल्या असतात, फांद्या लहानपणापासनं पंख्यासारख्या दोन्ही बाजूला बांधत नेतात, झाडाला जाडी अशी नसतेच, नुसतं भिंतीवर पसरलेलं. माझा हात लागला तिथं एका फांदीला सुतळीची गाठ होती, सैल, साल कापू नये अशी, आणि त्याच्या शेजारी विटेत जुन्या खिळ्यांची बारीक भोकं, एकाखाली एक, कितीतरी. प्रत्येक पिढीच्या माळ्यानं आपला खिळा वेगळ्या जागी ठोकलेला. आयुष्य विटेत गेलं, पण वीट घर बांधायला सोडून झाडाला ऊब द्यायला म्हणून कुणी बांधली असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. पोराला म्हटलं, थांब जरा, आणि तिथंच उभा राहिलो.

बाग नुसती बघायची नाही, चालू आहे. भाजी लावतात, काढतात, तिथल्या किचनमध्ये वापरतात. त्यांच्याकडं रुबार्बचा मोठा संग्रह आहे, १३० च्या वर जाती. रुबार्ब म्हणजे दिसायला अळूसारखं, देठ तांबडे, आणि खायचे ते देठच, साखर घालून शिजवून, पान खायचं नाही, विषारी असतं. आमच्या हिनं देठ वाकून वाकून बघितले आणि त्या बाईंना आपल्या अळूच्या देठीबद्दल सांगायला लागली, चिंचेशिवाय घशाला खाजतं वगैरे, पोरगा भाषांतर करून करून दमला. त्या बाईंनी लिहून घेतलं की! सफरचंदाच्या पण त्या भागातल्या जुन्या जाती आहेत. तिकडं स्वयंपाकाला वापरतात ते ब्रॅम्ली सफरचंद ह्याच जिल्ह्यातलं, साउथवेल गावात १८०९ ला एका मुलीनं बी लावलेलं त्याचं झाड. काचघराच्या एका बाजूला जुन्या बागकामाच्या हत्यारांचं लहान म्युझियम आहे, ते सोडू नका, खुरपी, झाऱ्या, फवारे, सगळं हातानं घासून गुळगुळीत झालेलं. ज्यांची पोरं शेती सोडून आयटीत गेलीत त्यांनी पोरांना घेऊन इथं दोन तास घालवावेत.

चर्चबद्दल. सातव्या ड्यूकनं १८८६ ते १८८९ मध्ये बांधलं, आर्किटेक्ट जी. एफ. बॉडली. नाव सेंट मेरी, म्हणजे आपल्या बेळगाव कॅम्पातल्या चर्चचं पण तेच. पांढरा आणि तांबडा असे दोन दगड वापरलेत, शिखर १८० फुटांच्या आसपास, रंगीत काचा केम्प ह्या त्या काळच्या नावाजलेल्या माणसाच्या. हे ड्यूकच्या घरचं चर्च, म्हणजे पॅलेसमधनं चालत येऊन प्रार्थना करायची जागा, पण उंची बघून मान दुखते. आत गेलात की लाकडावरचं कोरीवकाम बघा, शांत बसा. बाहेर आलं की एक गोष्ट मनात बसते. एवढं उंच चर्च बाजूला मोठं घर असेल ह्या हिशोबानं बांधलंय, आणि शेजारी आता नुसतं गवत. मला वाईट वाटलं, पण चर्च स्वच्छ, उघडं, लोक आत-बाहेर करतायत, त्यामुळं ओसाड वाटत नाही.

बाकीचं पटकन. तळं ८७ एकर, त्याला फेरी मारायची तर चांगले शूज पाहिजेत. त्याच्यावर जुना दगडी पूल आहे, २०१८ मध्ये कुणीतरी गाडी आपटून त्याचा कठडा फोडला होता, तो दगड गोळा करून परत पहिल्यासारखा केला, आता कळत पण नाही. लिंडनच्या झाडांचा रस्ता दोन मैलांचा, दोन्ही बाजूला दुहेरी रांगा, १,२९६ झाडं, १८४० च्या सुमाराला लावलेली. गाडीतनं काच खाली करून हळू जा, काही खोडांवर अजून काळे पट्टे दिसतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किडे वर चढू नयेत म्हणून लावलेले. क्लंबर स्पॅनियल ही कुत्र्याची जात ह्याच जागेच्या नावावरनं, कुत्र्यांची आवड असली तर त्यांच्याबद्दल पण तिथं ऐकायला मिळेल. सायकली भाड्यानं मिळतात, पोरांना द्या आणि तुम्ही बागेत जा.

खाण्याचं. कॅफेत सूप, भाजलेला बटाटा, स्कोन, केक असलं मिळतं. शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा सगळ्यात बरा, बीन्स घालून पोट भरतं. आम्ही थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलेलं, बाहेर बाकावर बसून खाल्लं, कुणी काय म्हणत नाही, सगळेच डबे आणतात. चहा मात्र गरम पिऊन घ्या, मे महिन्यात पण वारं लागतं. वयस्कर माणूस बरोबर असला, चालायला त्रास असला, तर आधी फोन करून व्हीलचेअर किंवा गाडीची काय सोय आहे विचारून घ्या, कारण पागा, बाग आणि चर्च ह्यांच्यात अंतर आहे.

आता आपल्याकडचं लिहितो, कारण ते मनात आल्याशिवाय राहिलं नाही. आमच्या तालुक्यात एक देसाईंचा वाडा आहे, नाव लिहीत नाही. पुढचा वाडा कुलूप लावून उभा आहे, सागवानी खांब आहेत म्हणून त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष. मागं परड्यात घोड्याची पागा होती, बैलांचा गोठा, धान्याचं बळद, सगळं विटेचं आणि मातीचं, वर आमच्याच आजोबांच्या काळातली कौलं. ते सगळं पाडून मोकळी जागा केली, गाड्या लावायला. ती कौलं विकत घेणार काय म्हणून माझ्याकडं माणूस आलेला, मी बघायला गेलो तर ढीग घातलेला, निम्मी फुटलेली, गव्हाणीचा लांब दगड उलटा करून पायरीला घातलेला. वाडा राहिला तर त्या घरात माणसं कशी बसायची ते कळेल, पण काम कुठं चालायचं, घोड्याला पाणी कोण पाजायचं, धान्य कुठं मापायचे, ते सांगणारी जागा गेली. बेळगावात कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या मागची आउटहाउस बघा, शहापूरच्या, खडेबाजारच्या जुन्या घरांची परडी बघा, सगळीकडं पहिली पडतात ती मागची बांधकामं, कारण त्यांना किंमत नाही असं आपण धरून चाललोय. क्लंबरला मालकानं पुढचं पाडलं आणि मागचं राहिलं, म्हणून आज तिथं लोक येतात, चहा पितात, भाजी बघतात, त्याच्यावर कितीतरी माणसांचा पगार निघतो. पागेत चहाचं दुकान काढायला काही राजवाडा लागत नाही. आपल्याकडं पण ज्यांच्या घराला अजून पागा किंवा बळद उभं आहे त्यांनी कौलं बदलून, चुन्यानं दर्जा भरून ते आधी उभं तरी ठेवावं, वापर काय करायचा ते पुढं सुचेल. कौलं लागली तर माझ्याकडं जुन्या साच्यातली अजून निघतात, फायद्यासाठी सांगत नाही, अशा कामाला मी भट्टीच्या भावात देतो.

माझ्याकडनं पाचात पाच. एका दिवसात करायचं तर सकाळी लवकर पोचा, आधी हिरवळीवरचा नकाशा बघा मग पागा, जेवून चर्च, आणि बाग शेवटी ठेवा पण बंद व्हायच्या दोन तास आधी आत शिरा, म्हणजे ऊन खाल्लेल्या भिंतीला हात लावता येईल. दुसरा दिवस हाताशी असला तर तिथनं दक्षिणेला रफर्ड अ‍ॅबी आहे, तिथला पण बराच वाडा १९५६ मध्ये पाडला आणि पागेत आता हस्तकलेचं केंद्र आहे, मातीची भांडी आणि असल्या वस्तू मिळतात. आम्हाला वेळ मिळाला नाही, खानापूरच्या कुंभारांकडची कोण मंडळी तिकडं गेली तर त्यांनी तिथं नक्की जावं आणि भांडी कशी आहेत ते मला सांगावं.